उजव्या बाजूचे आजोबा

आजोबा कुणाबरोबरही चालू लागले की दोन पावलांत त्याच्या उजव्या हाताला जायचे. तुम्ही मुद्दाम तिकडे सरकलात तरी मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे. बायकोबरोबर चर्चला जाताना, पोस्टमनशी गप्पा मारताना, अगदी कुणाच्या अंत्ययात्रेतसुद्धा. त्यांचा एक गुडघा कामातून गेलेला होता, त्यामुळे तो वळसा त्यांना सोपा नव्हता. पण डावीकडून चालणं म्हणजे डावा बूट उजव्या पायात घातल्यासारखं वाटतं म्हणायचे. "मी राईट बॅक होतो, लव्ह. डावीकडून जग कसं दिसतं, मला ठाऊक नाही."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्नाला चार महिने झाले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. बॅक म्हणजे पाठ, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी घरात जाऊन साताऱ्याहून आणलेली बामची बाटली काढली आणि म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. "झोपताना चोळा, उजव्या बाजूला." त्यांनी झाकण उघडून हुंगलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी "थँक यू" म्हणून बाटली खिशात घातली. पुढे त्यांच्या बायकोने, एडिथबाईंनी, मला सांगितलं की ते खरंच रोज चोळत होते. गुडघ्याला.

आमचं घर इंग्लंडच्या उत्तरेला, लँकाशायरमधल्या एका गिरणीच्या गावात होतं. ओळीने चिकटून बांधलेली काळपट विटांची घरं. मधली भिंत एवढी पातळ की शेजारी चहात साखर ढवळली तर चमचा ऐकू यावा. हे तिथल्या हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर. सकाळी गेले की कधी उगवतील याचा नेम नाही. मी खिडकीत बसून भुरभुर पाऊस बघायची आणि आईला लिहायची, "इथे फार मजा आहे." आमच्या उजव्या हाताच्या घरात हे म्हातारा-म्हातारी. खरं नाव अल्बर्ट. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी 'आजोबा' म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. त्यांना मूलबाळ नव्हतं हे मला मागाहून कळलं.

त्यांची माझी ओळख मात्र भांडणानेच झाली, तेही एकतर्फी. पहिल्याच सकाळी त्यांनी "मॉर्निंग, लव्ह" म्हटलं आणि मी धाडकन दार लावून घेतलं. यांना सांगितलं, "शेजारचा म्हातारा चावट आहे." दुसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरने, भाजीवाल्याने आणि पोस्टातल्या साठ वर्षांच्या बाईनेही मला लव्ह म्हटलं, तेव्हा एवढं प्रेम ठेवायचं कुठे असा प्रश्न पडला. दार आपटल्याची भरपाई म्हणून मी रव्याचे लाडू करून नेले. माझ्या हातचे पहिलेच लाडू. आजोबांनी एक लाडू तळहातावर तोलला, वर उडवला, झेलला आणि म्हणाले, "आमचा बॉल याहून थोडा मऊ असायचा."

त्यांच्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर, एक आडवा पांढुरका व्रण होता. त्या काळचा बॉल चामड्याचा, त्याला बुटासारखी नाडी बांधलेली. पावसात पाणी पिऊन त्याचा दगड व्हायचा. वरून येणारा तो दगड कपाळाने परतवायचा, आणि नेमकी नाडीची बाजू कपाळावर आली तर ते त्या दिवसाचं नशीब. माझं कुंकू बघून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "तूही हेडर मारतेस?" त्यानंतर कुंकू कधी जरा मोठं लागलं की म्हणायचे, "आज मॅच कठीण गेलेली दिसते." मी खिदळायची. हल्ली त्या काळच्या खेळाडूंच्या डोक्यांचं काय झालं याबद्दल लोक बोलतात, डॉक्टर बोलतात. तेव्हा त्या कपाळाच्या आत काय चाललंय हे कुणालाच कळत नव्हतं, आणि आम्ही कुंकवाचे विनोद करत होतो.

पहिल्या महायुद्धातून हातीपायी धड परत आल्यावर ते गिरणी सोडून गावच्या फुटबॉल क्लबात पगारी खेळाडू झाले होते. राईट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचाव सांभाळणारे. फुटबॉल खेळून पोट भरतं ही मला थापच वाटली. आमच्या साताऱ्यात बॉलला लाथ मारणाऱ्या मुलाचे कान उपटत. पण आजोबा सांगत ते खरं असायचं, कारण त्यात त्यांची फजितीच जास्त असायची. आठवडाभर त्यांच्याकडून मैदानाला फेऱ्या मारून घेत, दोरीवरच्या उड्या मारून घेत. बॉल मात्र दाखवत नसत. का, तर शनिवारपर्यंत बॉलची भूक लागली पाहिजे. "भूक एवढी लागायची, की पहिली किक बसली की बॉल स्टेशनात जायचा." मी म्हटलं, "आमच्याकडेही असे उपास असतात, दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं." मॅचला जायचे ट्रॅमने, बूट काखेत मारून, बघायला येणाऱ्यांच्याच गर्दीत. "जाताना ज्याने बसायला जागा दिली, तोच तासाभराने मला आंधळा म्हणायचा. येताना पुन्हा जागा द्यायचा." पाठीवर आकडे नव्हते तेव्हा. "लोक आम्हाला चालीवरून ओळखायचे, लव्ह. आकडा दुसऱ्याला देता येतो. चाल नाही देता येत."

शुक्रवार हा त्यांचा बुटांचा दिवस. दुपारच्या चहानंतर ते मागच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि घरातले सगळे बूट घासून, चामड्याला मेणकट मलम चोळून ओळीने मांडायचे. पुढे पुढे यांचे आणि माझेही बूट त्या ओळीत गेले. "शुक्रवारी स्वच्छ बूट म्हणजे उद्या मॅच," ते म्हणायचे. "चिखलाचे बूट म्हणजे झाली मॅच. पाय वर करून बसा." एकच जोड या शुक्रवारातून सुटलेला होता. शेकोटीशेजारच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्यात काय आहे हे मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरात अशा पुड्या असायच्याच.

पहिल्या जानेवारीत माझा धीर सुटला. तीन आठवडे ऊन नाही, यांचा पत्ता नाही, त्यात आईचं पत्र आलं की धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तुला येता येणार नाही हे आम्ही धरूनच चाललोय. मी बॅग भरली. विमानाचं तिकीट कुठे मिळतं हेही मला ठाऊक नव्हतं, पण बॅग भरली, साडीवर कोट चढवला आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. आजोबा दारातच होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं.

"लागलं का कुठे?"

"मी घरी चाललेय. मला नाही जमत."

"आमच्या वेळी बदली खेळाडू नसायचा, लव्ह," ते म्हणाले. "अकरा म्हणजे अकरा. पाय मोडला तरी तुझ्या जागी कुणी यायचं नाही."

"मग मोडक्या पायाने करायचं काय?" मी खेकसले.

"विंगवर जाऊन उभं राहायचं. अगदी कडेला. धावायचं नाही, बॉल मागायचा नाही. नुसतं आत राहायचं. तुझा उपयोग काही नाही. पण समोरच्यांना तुझ्यावर नजर ठेवायला एक माणूस अडकवावा लागतो. तेवढंच आपल्यांचं ओझं हलकं."

एवढं सांगून ते माझ्या उजव्या बाजूला आले, बॅग उचलली आणि मला त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. एडिथबाईंनी काही न विचारता चहा ओतला. मार्चपर्यंत मी विंगवर उभी होते. मग ऊन आलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी केव्हाची खेळायला लागले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आजोबांच्या गोष्टी उसवायला लागल्या. ट्रॅमची गोष्ट सांगता सांगता ते थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. कोटाची बटणं वरखाली लावलेली असायची. एकदा मला म्हणाले, "तू कुणाची गं?" मी विनोद समजून म्हटलं, "क्वीनची." एडिथबाई प्रत्येक वेळी पुढे येऊन सावरायच्या. "ऐकू कमी येतं त्याला." "रात्री झोप झाली नाही त्याची." मी डॉक्टरची बायको, पण मला त्या सावरण्यातलं काही दिसलं नाही. मला वाटायचं, किती बोलते ही बाई, बिचाऱ्या नवऱ्याला बोलूच देत नाही.

ऑक्टोबरात सासूबाईंचं पत्र आलं. "तिकडे आहात म्हणून खंडेनवमी बुडवू नका. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं स्वच्छ करून पुजा." त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली होती. मी सकाळपासून घासघास घासलं. विळी, कात्री, लाटणं, यांचा स्टेथोस्कोप. एडिथबाई काही द्यायला आल्या, मागोमाग आजोबा. पाटावरची मांडामांड बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"आज आम्ही आमच्या हत्यारांना थँक यू म्हणतो," मी सांगितलं.

ते तडक घरी गेले आणि फळीवरची ती पुडी घेऊन आले. आत बूट होते. घोट्याच्या वर येणारे, लाकडासारखे कडक, तळाला चामड्याच्या गोल गुट्ट्या ठोकलेल्या. आणि तळापासून टाचेपर्यंत वाळून दगड झालेला राखाडी चिखल. "यांनाही ठेव," आजोबा म्हणाले. एखाद्या लहान मुलाने आपणहून आपलं खेळणं दुसऱ्याला द्यावं आणि आईने बघत राहावं, तसं एडिथबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

देवापुढे चामड्याचे बूट! मी यांच्याकडे पाहिलं. योगायोगाने त्या दिवशी हे घरात होते. "अगं, त्यांचं ते हत्यारच आहे," हे म्हणाले. "ठेव. आईला लिहू नकोस म्हणजे झालं."

इथवर सगळं ठीक होतं. पण मी तेवढ्यावर थांबणारी नव्हते. पूजेची वस्तू घासल्याशिवाय पाटावर जायची नाही, असं माझ्या सात पिढ्यांनी मला शिकवलेलं. दोघं घरी गेल्यावर मी ते बूट मोरीत नेले. सुरीच्या टोकाने गुट्ट्यांमधला चिखल उकरला, ब्रशने खरवडला, साबणाने धुतला, पुसून खोबरेल तेल चोळलं. दोन तास लागले. मळकट पाणी नळीतून खाली जाताना मला केवढा आनंद झाला होता! जुन्या नाड्या काढून नव्या पांढऱ्या घातल्या, हळदकुंकू वाहिलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. म्हातारा किती खूश होईल, असं मनात चाललं होतं.

पाच वाजता दोघं प्रसादाला आली. आजोबा पाटापुढे वाकले. त्यांनी एक बूट उचलला, उलटा केला, आणि गुट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. एडिथबाईंचा हात तोंडावर गेला.

"उद्या मॅच कुणाशी आहे?" आजोबांनी विचारलं.

मला वाटलं, गंमत करताहेत. आणि गमतीत मी कधी मागे राहिलेय? "उद्या दसरा," मी म्हटलं. "रावणाशी आहे. दहा डोक्यांचा राजा."

"दहा डोकी? हेडरला जड जाणार." त्यांनी मान हलवली. "आपल्या मैदानावर की त्यांच्या?"

"आपल्या!" मी हसत हसत म्हटलं. "आपल्याच मैदानावर!"

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता कोट-टोपी घालून, बूट काखेत मारून आजोबा घराबाहेर पडले. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, ते आमच्या गल्लीत त्या वर्षी एकट्यांनी केलं. तीन मैलांवरच्या मैदानात, कडेच्या पांढऱ्या रेघेवर, ते हळदकुंकवाचे बूट घालून उभे होते. तिथल्या कुणीतरी ओळखीच्याने गाडीतून आणून सोडलं. एडिथबाई म्हणाल्या, "फिरायला गेला होता." मलाही तेच बरं वाटलं.

पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा निघाले, आणि त्याच्या पुढच्याही. एडिथबाईंनी बूट लपवले, तर आजोबांनी कपाटं उपसली. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. "कुणाला घेतलं माझ्या जागी? एडिथ, कुणाला घेतलं?" दाराला कुलूप लावलं, तर ते दारावर थापा मारत राहिले, तासभर, मग हुंदके देत. तो आवाज ऐकवेना म्हणून एडिथबाई कुलूप काढायच्या. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पोलिसाने त्यांना कालव्याच्या काठावरून आणलं. चिंब भिजलेले, ओठ निळे पडलेले. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर त्यांना टेकडीवर हलवावं लागेल.

टेकडीवर एक लांबलचक दगडी इमारत होती. माझ्या लेखी ती म्हाताऱ्यांचं हॉस्पिटल. एडिथबाईंच्या पिढीला मात्र ती जागा ठाऊक होती ती निराधारांना कोंडून कामाला लावायचे म्हणून. नंतर हॉस्पिटलची पाटी लागली, तरी त्या वयाची माणसं तिच्यावरून जाताना रस्ता बदलत. हे मला म्हणाले, "आज ना उद्या न्यावंच लागेल गं. त्या एकट्या किती दिवस पुऱ्या पडणार?"

मी एडिथबाईंकडे गेले, सांत्वन करायला. भरपूर वाक्यं तयार करून गेले होते. त्या टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात ते बूट, माझ्या नव्या नाड्यांसकट.

"त्याला घरातच मरायचंय," त्या म्हणाल्या. "त्या टेकडीवर नाही. मी शब्द दिलाय." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. "त्याचा खेळ संपला होता. संपायला किती वर्षं लागली होती तुला काय माहीत! तू ते बूट धुतलेस."

आणि मग त्यांनी मला ती मॅच सांगितली. आजोबांनी ट्रॅम सांगितली, उपास सांगितला, शंभर फजित्या सांगितल्या. ही एक सांगितली नव्हती. सीझनमधली शेवटची मॅच होती. मध्यंतरानंतर पाचेक मिनिटांत त्यांचा गुडघा फिरला. बदली खेळाडू नसतो. ते सरपटत विंगवर गेले आणि शेवटची चाळीस मिनिटं तिथे एका पायावर उभे राहिले. मॅच हरली ती हरलीच. घरी आणलं तेव्हा सुजलेल्या पायातून बूट निघेना, एडिथबाईंनी नाडी कापून काढला. बरं वाटलं की साफ करू, म्हणून तसाच ठेवला. दोन आठवड्यांनी क्लबच्या दारावर पुढच्या सीझनच्या खेळाडूंची यादी लागली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. तोंडी कुणी काही सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांनी एकदा एडिथबाईंनी बूट धुवायला काढले, तेव्हा ते म्हणाले होते, "राहू दे. मॅच झालीय त्यांची."

पंचेचाळीस वर्षांचा चिखल. मी दोन तासांत नळीत घालवला होता.

मी घरी आले. रडले नाही, एवढी मी शहाणी झाले होते. पुढच्या शनिवारी सकाळी साताऱ्याच्या पोह्यांचा डबा रिकामा केला, साडीखाली गमबूट चढवले आणि बसने मैदानावर गेले. मैदानाची निगा राखणारा गृहस्थ फावडं घेऊन उभा होता. पासष्टीचा, जाड मिशांचा.

"मला थोडा चिखल हवाय," मी म्हटलं. "राईट बॅकच्या जागेचा."

त्याने मला, गमबुटांना आणि डब्याला नीट पाहून घेतलं. "कुठल्या हाफमधला, लव्ह? मध्यंतरानंतर टोकं बदलतात."

हे मला कुठे माहीत होतं! कुणासाठी हवाय ते मी सांगितलं. नाव ऐकताच त्याने फावडं खाली ठेवलं, टोपी काढली. "माझा बाप त्या मॅचला होता," तो म्हणाला. "हरलेल्या मॅचांपैकी तेवढी एकच तो सांगायचा." मग त्याने फावडं उचललं आणि मला गोलपासून दूर, मैदान अर्ध्यावर ओलांडून, पलीकडच्या कडेला नेलं. "बॅकचा नको. इथला घे. तो शेवटी इथे उभा होता."

मी हाताने डबा भरला.

लहानपणी आजोळी मी शेणाने जमीन सारवायला शिकले होते. लंडनला उतरल्यावर मी ही गोष्ट कुणालाही न सांगायचं ठरवलं होतं, मॉडर्न व्हायचं होतं ना. त्या दिवशी तेवढंच शिक्षण कामाला आलं. एडिथबाईंच्या मोरीत बसून मी माझ्या पांढऱ्या नाड्या काढून टाकल्या, चिखल मळला, बुटांना हाताने सारवला, गुट्ट्यांमध्ये बोटाने भरला, घोट्यापर्यंत शिंतोडे उडवले. एडिथबाई बघत उभ्या होत्या. "टाचेला जास्त," एवढंच म्हणाल्या. बूट शेकोटीपुढे वर्तमानपत्रावर ठेवले.

एक वाजला. आजोबा कोट-टोपी घालून जिन्यावरून उतरले, बूट घ्यायला वाकले आणि तसेच थांबले. मी उत्तर तयार ठेवलं होतं. जिंकलो का, असं विचारतील; सांगायचं, तीन-शून्य. आरशापुढे उभी राहून पाठ केलं होतं मी. खोटं बोलण्यात मला कधी अडचण आलेली नाही.

"मॅच झाली, अल्बर्ट," एडिथबाई म्हणाल्या.

ते खुर्चीत बसले. बराच वेळ बुटांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मी शेवटपर्यंत होतो ना?"

माझं तीन-शून्य घशातच राहिलं. या प्रश्नाला खोटं लागतच नव्हतं.

"होता," मी म्हटलं. "शेवटपर्यंत आत होता."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि त्यांनी हात वर केले. लहान मुलं करतात तसे, कोट काढायला. एडिथबाईंनी कोट काढला. मी त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले.

त्यानंतर ते शनिवारी दाराकडे गेले नाहीत. चिखल वाळला की एडिथबाई शनिवारी सकाळी त्यावर थोडं पाणी शिंपडायच्या, आपण तुळशीला घालतो तसं. आजोबा खाली यायचे, बूट बघायचे, पाय वर करून बसायचे. माझं नाव गेलं, ट्रॅम गेली, शेवटी एडिथबाईही गेल्या त्यांच्या डोक्यातून. बुटांचा अर्थ मात्र राहिला. मार्चमध्ये, त्याच खुर्चीत, दुपारच्या चहाच्या वेळी ते गेले. मी धावत गेले तेव्हा एडिथबाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. "टेकडी चढावी लागली नाही त्याला," त्या म्हणाल्या.

अंत्ययात्रेत आम्ही दोघी बरोबर चालत होतो. गर्दी बरीच होती, फूटपाथ अरुंद. मागून कुणीतरी माझ्या उजवीकडून पुढे जाऊ पाहत होतं. एडिथबाईंनी हात आडवा केला. ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

आमची तिथून बदली झाली तेव्हा त्यांनी मला ती पुडी दिली. "धुवू नकोस," म्हणाल्या, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

आता मी लंडनमधल्या हॅरोला मुलीकडे असते. आठ वर्षांपूर्वी हे गेले. तेव्हा लोक मला सांगायचे, मन रमवा, क्लास लावा, क्रूझला जा. मी कुणाचं ऐकलं नाही. विंगवर जाऊन उभी राहिले. नुसती आत राहिले. तेवढं मला येत होतं.

खंडेनवमीला अजून पाट मांडते. यांचा स्टेथोस्कोप, माझी विळी, मुलीचा लॅपटॉप, आणि तो जोड. गेल्या वर्षी नात मदतीला बसली होती. सगळं पुसून झाल्यावर तिने बूट उचलले. वाळका चिखल तिच्या मांडीवर सांडला.

"आजी, इट्स सो डर्टी! हे क्लीन नाही करायचे?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि सांडलेला चिखल चिमटीने वेचून पुन्हा गुट्ट्यांमध्ये ठेवला. "मॅच झालीय त्यांची."